दहा हातांची होडी

एका बंदरावर रावजी नावाचा होडीवाला राहत होता. त्याची होडी दहा हात लांब. लहान, हलकी आणि गुणी. रावजीही वाईट नव्हता. थोडा मूर्ख होता, पण तेवढे आपण सगळेच असतो.

भाद्रपद आला. होडीच्या जुन्या शिडाची पार चाळण झालेली. रावजीची लेक शेवंती खाडीपलीकडच्या गावात दिलेली. लग्नानंतरचा पहिलाच गौरीचा सण. सासूचा निरोप आला, "गौरी यायच्या दिवशी भरती असेपर्यंत न्यायला या. नाही आलात तर पोरगी सण इथंच करील." त्या गावचा धक्का उथळ पाण्यातला. ओहोटी लागली की नुसता चिखल, होडी शिरत नाही. म्हणून रावजी नवं शीड करून घ्यायला इब्राहिमचाचाकडे गेला.

त्या बंदरात एक रीत होती. शीड शिवणारा कुणाच्या होडीला माप लावत नसे. मालक सांगेल ते माप. दुसऱ्याच्या होडीवर दोरी टाकणं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. आणि होडी जेवढी लांब तेवढं शिडाचं कापड जाड, हे चाचाचं गणित.

दुकानात एका मोठ्या मचव्याचा मालक बसला होता. मचवा मोठा, पोटही मोठं. जाड कापड चिमटीत धरून बघत होता.

"रावजी, होडी किती हात?" चाचाने विचारलं.

रावजीने मचवेवाल्याकडे पाहिलं आणि छाती फुगवली. "सोळा हात."

"सोळा?"

"सोळा म्हणजे सोळा!"

डोलकाठीची उंची मात्र त्याने खरी सांगितली. ती खोटी सांगितली असती तर शीड पायात आलं असतं. लबाडीलाही तेवढी अक्कल असते.

चाचाने सोळा हातांच्या होडीला शोभेल असं जाडजूड कापड फाडलं आणि शीड शिवून दिलं. रावजी ते खांद्यावर टाकून मिरवत घरी आला. अर्ध्या वाटेत खांदा दुखायला लागला, तरी त्याला कळलं नाही.

गौरीच्या दिवशी सकाळी रावजी आणि त्याची बायको भागी निघाली. वारा होता, पण मंद. शीड काही फुगेना. ओल्या घोंगडीसारखं लोंबत राहिलं. बाकीच्या होड्या पातळ शिडांवर भुर्रकन पुढे गेल्या.

"रावजीदा, गोधडी वाळत घातलीस काय रे?" एकाने जाता जाता टोमणा मारला.

रावजीने वल्हं घेतलं. तळहात सोलून निघाले. अर्धी वाट झाली आणि भरती उतरायला थोडाच वेळ राहिला. वल्हं खाली ठेवून तो म्हणाला, "भागे, मी चाचाला सोळा हात सांगितले."

भागी हसायला लागली. इतकी हसली की होडी हलली.

"हसतेस काय? पोर वाट बघतेय तिकडे!"

"मला मागणी घालायला आलात तेव्हा माझ्या बाबांना सांगितलंत, घराला चार खोल्या आहेत. निघाल्या दोन. मी ऐकून घेतलं हो. वारा कशाला ऐकून घेईल?"

मग तिने बोचकं सोडलं. लेकीसाठी घेतलेलं नवं कोरं हिरवं लुगडं काढलं.

"अगं, खाऱ्या पाण्याने डागाळेल ते!"

"डागाळू दे. लुगडं धुता येतं. गेलेली भरती बोलावता येत नाही."

दोघांनी जाड शीड उतरवलं आणि आडव्या काठीला लुगडं बांधलं. पातळ कापडात वारा भरला. दहा हातांची होडी खुशीत पळाली.

पलीकडच्या धक्क्यावर माणसं पोट धरून हसत होती. रावजीची मान खाली. शेवंती मात्र गुडघाभर पाण्यात धावत आली. "बाबा, वेळेवर आलात!" म्हणाली, आणि काठीला बांधलेलं लुगडं बघून, "हे माझं?" तिने ते काठाला डाग असलेलं लुगडंच सणाला नेसलं. दुसरं नको म्हणाली.

सण झाल्यावर रावजी चाचाकडे गेला. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. त्यांच्यादेखत म्हणाला, "चाचा, माझी होडी दहा हात आहे. तिला साजेल असं पातळ कापड द्या."

"ठाऊक आहे. रोज माझ्या दारासमोरच नांगरतोस."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"होडी तुझी, माप तुझं. त्या पोटवाल्यासमोर तुझी फजिती मी कशाला करू?" असं म्हणून चाचाने घट्ट विणीचं पातळ कापड पुढे टाकलं. "हे घे. हे तुझ्या होडीवर प्रेम करील."

तात्पर्य: आहे तेवढंच माप सांगावं. फुगवून सांगितलं की मिळालेली चांगली वस्तूही कामाला येत नाही, आणि वल्हं शेवटी आपल्यालाच मारावं लागतं.