झेलमीची मूठ

सातपुड्याच्या कुशीत, अगदी आतआत, एक इवलासा पाडा होता. तिथे झेलमी नावाची चिमुरडी आईबरोबर राहायची. ऐन पेरणीत आई तापाने फणफणली, शेत तसंच पडून राहिलं आणि घरातली धान्याची कणगी रिकामी झाली.

आज पाड्यावर हंडीचा सण! घरटी मूठभर धान्य यायचं, सगळं एकाच मोठ्ठ्या हंडीत शिजायचं. ज्याची मूठ हंडीत, तो पंगतीत, अशी रीतच होती.

"रिकाम्या हातानं कसं जायचं गं?" आई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. झेलमीला फार फार वाईट वाटलं. आईशिवाय कसला आलाय सण!

ती तडक रानात गेली. खणून खणून एकच गोड कंद मिळाला, तोही बोटाएवढा. तेवढ्यात मोहाच्या झाडातून नाजूक आवाज आला, "मला देशील थोडासा?"

बघते तर काय, फुलाएवढी परी! पिवळा झगा, हिरवेगार पंख, केसांत चमचमते दवाचे थेंब.

"सगळाच घे की. किती वाळलीयेस तू!"

परी खुदकन हसली. "माग हवं ते. पण मुठीत मावेल तेवढंच हं."

"हंडीसाठी धान्य दे."

"दिलं! पण मूठ हंडीवरच उघडायची. आधी उघडलीस तर दाणे भुर्रकन उडून जातील."

झेलमी दाण्यांनी भरलेली मूठ आवळून पळत सुटली. वाटेत आंधळा भुऱ्याबाबा पायरीवर एकटाच बसला होता.

"बाबा, पंगतीला नाही येत?"

"मला कुठलं धान्य, बाळे? तू जा, पोटभर जेव."

झेलमी थबकली. मूठ उघडली तर आई घरीच राहणार. नाही उघडली तर बाबा उपाशी. काय करावं बाई? शेवटी डोळे गच्च मिटून तिने बाबाच्या ओंजळीवर मूठ उघडली. ओंजळीत पडले तेवढे दाणे राहिले, बाकीचे फुर्र!

झेलमी बाबाला घेऊन हंडीपाशी आली. तिथे जिरमीकाकी हंडी ढवळत होती. बाबाने ओंजळ हंडीत रिकामी केली.

"आणि तुझी मूठ गं, झेलमे?"

झेलमीला रडूच कोसळलं. "नाहीये, काकी."

"नाही कशी? मी घातली ती हिचीच की!" बाबा म्हणाला.

एकाएकी हंडीची वाफ सोनेरी झाली आणि वाफेतून परी डोकावली. सगळे बघतच राहिले.

"नियम मोडलास हो, झेलमी. पुन्हा मोडशील?"

झेलमीने डोळे पुसले. "बाबा असा एकटा बसलेला दिसला तर... मोडीन."

"शहाणी गं माझी ती! हात पुढे कर."

लालचुटुक नागली, पांढरीशुभ्र भगर, काळे काळे उडीद! तळहात भरून दाणे हंडीत सांडू लागले. लख्ख उजेड पडला आणि त्या उजेडातच परी विरून गेली.

"बघत काय उभी राहिलीस?" काकी ओरडली. "आईला आण, नाहीतर मीच येते तिला ओढायला!"

आई आली. लाजत लाजत पंगतीत बसली. काकीने पहिली पळी तिच्याच पानात वाढली. आईने घास घेतला, चावला आणि हळूच म्हणाली, "मीठ जरा कमी पडलंय, काकी."

अख्खी पंगत खो खो हसली आणि झेलमी सगळ्यांत जोरात.