सहा गावांचा गड

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्यातल्या राजांची नावंही आता कुणाला आठवत नाहीत. डोंगरांमधल्या एका खोऱ्यात नदीच्या काठाने एकाखाली एक अशी सहा गावं होती. सगळ्यात वर, खिंडीला लागून खिंडवाडी आणि सगळ्यात खाली डोहगाव. एके काळी ही गावं पाण्यावरून आणि कुरणांवरून एकमेकांची डोकी फोडत. मग दूरच्या एका बलाढ्य राजाने खिंडीतल्या गडावर आपली फौज बसवली आणि खोऱ्याला शांतता लाभली.

दोन पिढ्या गेल्या. पहारा राजाच्या शिपायांचा आणि झोप गावकऱ्यांची, असं सुखात चाललं होतं. तलवारींचे विळे झाले. भाल्यांच्या काठ्यांवर धोतरं वाळू लागली.

एके दिवशी गडाचा किल्लेदार स्वतः खाली आला. सहाही गावच्या पाटलांना त्याने बोलावून घेतलं.

"आमच्या राजाला पूर्व किनाऱ्यावर नवा शत्रू उभा राहिलाय," तो म्हणाला. "फौज तिकडे हवी आहे. येत्या अमावास्येला आम्ही गड सोडतो."

"मग आमचं कसं व्हायचं?" खिंडवाडीच्या हैबती पाटलांनी विचारलं.

"पाटील, तुम्ही सहा गावं आहात. माणसं आमच्या दसपट आहेत. इतकी वर्षं तुमच्यातलं कुणी वर पहाऱ्याला का येत नाही, हे मला कधी कळलं नाही."

किल्लेदार निघून गेला. पाटील मात्र तिथेच बसून राहिले. भीती खरी होती. उत्तरेच्या सरदाराने मागच्याच महिन्यात पलीकडचं खोरं गिळलं होतं. तिथली माणसं गाठोडी घेऊन इकडे आली होती.

हैबती म्हणाले, "प्रत्येक गावाने माणसं द्यावीत. लोखंड, धान्य, घोडे, ज्याच्याकडे जे असेल ते द्यावं. गड आपण धरू."

सगळ्यांच्या नजरा गिरजाबाईकडे वळल्या. ही डोहगावची पाटलीण. नवऱ्यामागे वीस वर्षं तिने गाव जिवापाड सांभाळलं होतं. खोऱ्यातले सगळ्यात चांगले घोडे तिच्या गावचे.

"मी माझी माणसं नाही पाठवणार," ती म्हणाली. "डोहगावापर्यंत पोचायला त्या सरदाराला आधी पाच गावं ओलांडावी लागतील. तोवर आम्ही आमची वेस पक्की करू."

ती उठली, तशी आणखी दोन पाटलांनीही पागोटी सावरली आणि ते निघाले.

पलीकडच्या खोऱ्यातून आलेल्या एका कुटुंबाला गिरजाबाईने आपल्या गोठ्याशेजारची खोली दिली होती. त्यातला म्हातारा सटवा कोष्टी दारात सूत उकलत बसला होता. भाकरी द्यायला ती गेली, तेव्हा त्याने सहज विचारलं, "बैठकीत काय ठरलं, बाई?"

तिने सांगितलं. पाच गावं ओलांडावी लागतील, हेही सांगितलं.

सटवाचा हात थांबला. "आमच्यापुढेही पाच गावं होती," तो म्हणाला. "आम्ही पण ती मोजली होती. वेस बांधत बसलो. पहिलं गाव पडलं, त्याचं धान्य सरदाराने घेतलं. दुसरं पडलं, त्याचे बैल घेतले. आमच्या वेशीवर तो आला, तेव्हा पाचही गावचं बळ त्याच्या पाठीशी होतं. आमच्या मागे कुणीच उरलं नव्हतं."

गिरजाबाई भाकरीचं फडकं हातात घेऊन तशीच उभी राहिली. आपण हैबतींना काय बोलून आलो, हे आठवून तिची मान खाली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चाळीस घोडे आणि साठ माणसं घेऊन खिंडवाडीला पोचली.

"पाटील, काल मी चुकीचं बोलले," ती म्हणाली.

"आलात ना, बाई," हैबती म्हणाले. "पाणी घ्या आधी."

डोहगाव आलं म्हटल्यावर बाकीचीही आली. पण येऊन भागेना. एका गावचे बाण दुसऱ्या गावच्या धनुष्याला बसत नव्हते. एका गावात ढोलाचा जो ताल लग्नाचा, तोच दुसऱ्या गावात आगीच्या इशाऱ्याचा. पहिल्या सरावाला अर्धी माणसं गडावर धावली आणि अर्धी जेवायला बसली. जुनी भांडणंही निघाली. गिरजाबाई दिवसभर या गावाकडून त्या गावाकडे जाऊन समजूत काढी. शेवटी एक माप ठरलं, एक ताल ठरला, आणि पाळीपाळीने पहारा सुरू झाला.

अमावास्येला फौज गेली. आठवडाभराने, भर दुपारी, सरदाराचे स्वार खिंडीखाली दिसले. गड ओस असेल असं धरूनच ते आले होते.

ढोल वाजला. गिरजाबाई तटावर उभी होती. मागे खोऱ्यातल्या वाटेने दुसऱ्या, तिसऱ्या गावचे लोक वर येताना दिसले, मग चौथ्या, मग पाचव्या. बघता बघता तट माणसांनी भरला. स्वार पुढे आले, तसे शेकडो बाण एका दमात सुटले आणि त्यांच्या घोड्यांपुढच्या मातीत रुतले. पुढचे बाण कुठे लागतील, हे सरदाराला सांगावं लागलं नाही.

तीन दिवस तो खाली तळ देऊन बसला. रोज तट निरखत होता. कुठलं गाव आधी कंटाळून उठतं, याची वाट पाहत होता. कुणी उठलं नाही. चौथ्या दिवशी त्याने तंबू काढले आणि तो आल्या वाटेने परत गेला.

शेवटचा स्वार वळणाआड गेला, तेव्हा कुणी आरोळी ठोकली नाही. माणसं जिथे होती तिथेच खाली बसली. कुणाला हसू आलं, कुणाला रडू. गिरजाबाईने तटाला पाठ टेकली आणि डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी तिला भूक लागली होती. हैबतींनी भाकरी मोडून अर्धी तिच्यापुढे धरली. तिने ती कोरडीच खाल्ली, आणि ती तिला फार गोड लागली.

त्यानंतर सरदार त्या खिंडीकडे फिरकला नाही. गडावरचा पहारा मात्र सहा गावांनी कधीच सोडला नाही.

तात्पर्य: आपलं रक्षण दुसऱ्यावर सोपवून निश्चिंत राहू नये, आणि शेजाऱ्यावरचं संकट आपल्या दारी येण्याची वाट पाहू नये.