फाईलीचा अंगठा

“जुळला का अंगठा?” इलाहीबाबांनी विचारलं.

“जुळला की.”

“कशाशी?”

शिदू मासाळनं डोकं खाजवलं. हा कसला सवाल झाला? जुळला म्हंजे जुळला...

टेकडीवरच्या पिराला लागून पत्र्याची एक खोली हाय. तिथं इलाहीबाबा राहत्यात. फकीर माणूस. आधी टेलिफोनच्या कचेरीत हुते. ते सोडून हिरवा कफनी-झगा घातला, पण तारांचा नाद काय सुटला न्हाई. भंगारात निघालेला कॉम्प्युटर कुणी वर आणून टाकला की बाबा तो खोलणार, धूळ झटकणार, आन् त्यात लिनक्स नावाची फुकटची सिस्टीम घालून परत चालता करणार. जुन्या मशीनला झेपतं आन् कुणाच्या पाया पडावं लागत न्हाई, एवढंच त्यांचं म्हणणं.

शिदू त्यांचा चेला. खाली गावात विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून द्यायचा त्याचा धंदा. शाळा चौथीपतूर. हात सोन्याचा, पण डोकं तापल्या तव्यावाणी. पाणी पडायचा अवकाश, चर्र झालंच.

बाबांनी त्याला पहिल्या दिशीच सांगितलेलं. लिनक्सची फाईल लांबून येती. वाटंत कुठं मोडली तर वरनं कळत न्हाई. तीच मशीनीत घातली तर मशीन आधी जुनं सगळं पुसतंय, आन् मग अर्ध्यात अडकतंय. जुनंबी गेलं, नवंबी आलं न्हाई.

म्हणून आधी फाईलीचा अंगठा बघायचा. लोक त्याला चेकसम म्हणत्यात, बाबा अंगठा म्हणायचे. एक कमांड दिली की मशीन सगळी फाईल चाळून चौसष्ट अक्षरांची एक ओळ देतंय. फाईलीत एक ठिपका जरी इकडचा तिकडं झाला, तरी सगळी ओळ बदलती.

त्या ओळीत आकडे असत्यात, आन् इंग्रजी अक्षरं. पण इंग्रजी ए पासनं एफ पतूरच. पुढचं येतच न्हाई. शिदूला ह्याचा लय आनंद झालेला. ह्यातलं सगळं इंग्रजी मला येतंय, असं तो पारावर सांगायचा. खोटंबी न्हवतं ते.

आता गावातल्या पोरींच्या शाळेत जुने कॉम्प्युटर पडून हुते. त्यातला एकच कसाबसा चालायचा, त्याच्यावर पोरी पाळीपाळीनं टाईप करायच्या. कमिटीनं ठरवलं, सोमवारी सगळा ढीग भंगारवाल्याच्या टेंपोत घालायचा. मोठ्या बाई, तोरणे बाई, लय गयावया करत हुत्या. तवा शिदू मधी पडला आन् म्हणला, मी चालू करून देतो सगळे.

चेअरमन हसला. म्हणला, मोटारी भर बाबा तू. तरीबी करून बघ. जो एक चालतोय त्याच्यावरच आधी हात चालव. तो जमला तर बाकीचे ठेवू. अडकला तर सगळे टेंपोत.

म्हंजे डाव एकच. आन् तोबी पोरींच्या हातातल्या एकुलत्या एक मशीनवर.

बाबांची एक रीत हुती. चेला पहिल्यांदा एकला कामावर निघाला की त्याच्या तळहातावर पिराम्होरली खडीसाखर ठेवायची. ती मिळाल्याबिगर कुणी पायरी उतरायचा न्हाई. शिदू त्यासाठीच वर आला हुता, पेनड्राईव्ह खिशात घालून.

“कशाशी जुळला, शिदू?”

शिदूनं सांगितलं. आपल्याच दुकानातल्या मशीनवर कमांड दिली. आलेली ओळ भिंतीवर खडूनं लिहिली. परत कमांड दिली. भिंतीवरचं आन् पडद्यावरचं अक्षर न् अक्षर जुळवलं.

“दोनदा काढला बाबा. दोन्ही टायमाला त्योच.”

बाबांनी भलतंच विचारलं.

“तू चिडलायस का?”

“न्हाई.”

“परत सांग.”

“न्हाई चिडलो म्हणतोय न्हवं मी!”

घुमटावरची पारवी भर्रकन उडाली.

“दोन्ही टायमाला तेच आलं,” बाबा म्हणले. “जुळलं.”

दारात हमिदाखाला चहा गाळत बसली हुती. बाबांची थोरली बहीण. ती कपातनं नजर न काढता म्हणली, “मला विचारलं असतंस तर बरं झालं असतं लेका. तुझा न्हाई खाली एसटीच्या थांब्यापतूर ऐकू गेला.”

शिदूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. उठून जावं वाटलं. पेनड्राईव्ह दरीत फेकावा वाटला. पण मग ते डोक्यात हळूहळू उतरलं... फाईल नीट हाय का, हे त्यानं फाईललाच विचारलं हुतं. दोनदा.

बाबांनी मग फाईल आणली कुठनं ते विचारलं. शिदूनं मान खाली घालून सांगितलं. तालुक्याला एका दुकानातनं घेतली. फाईल पेनड्राईव्हमधी जात हुती तवा दुकानदार त्याचे तेलकट हात बघून म्हणला, मामा, ह्याला पाना लागत न्हाई बरं का. चार गिऱ्हाइकं हसली. शिदूचं डोकं सटकलं. त्यानं पेनड्राईव्ह तसाच उपसला आन् चालू पडला.

“दिवा लुकलुकत हुता का त्याचा?”

“... हुता.”

बाबा भिंतीला टेकून शिदूच्या समोर बसले, आपला मोबाईल काढला. ज्यांनी फाईल बनवली त्यांनी आपल्या साईटवर तिचा खरा अंगठा लिहून ठेवलेला असतो. तो उघडून बाबा वाचायला लागले. शिदूनं पेनड्राईव्ह बाबांच्या मशीनला लावला, कमांड दिली आन् पडद्यावरच्या ओळीकडं बघत बसला.

“नऊ.”

पडद्यावर सी हुतं.

“चार.”

पडद्यावर शून्य.

“बी.”

“जुळला ह्यो,” शिदू घाईघाईनं म्हणला.

बाबा वाचत गेले. मधीच कुठंतरी एखादं अक्षर चुकूनमाकून जुळायचं, आन् शिदू बुडत्यावाणी त्याला धरायचा. ओळ संपली. शिदूनं तोंडावरनं हात फिरवला. ही फाईल घेऊन तो पायऱ्या उतरणार हुता. हीच पोरींच्या मशीनीत घालणार हुता. मशीन पुसलं असतं आन् तिथंच बसलं असतं, चेअरमनच्या म्होरं...

त्यानं फाईल स्वतःच्या हातानं उडवली.

टेकडीवर टॉवर हाय. शिदूनं आपला मोबाईल वायरीनं बाबांच्या मशीनला जोडला आन् नवी फाईल उतरवायला लावली. ती मुंगीच्या पावलानं येत हुती. दोनदा त्याला वायर ओढावी वाटली, दोन्ही वेळेला तो उठून खालासाठी पाण्याची घागर घेऊन आला. तिसऱ्यांदा वाटलं तवा घागरी भरलेल्या हुत्या, म्हणून त्यानं लाकडं फोडली. खाला म्हणली, रोज एक फाईल उतरव बाबा, माझी कामं तरी होत्यात.

उन्हं कलली तवा फाईल पुरी झाली. शिदूनं कमांड दिली. ओळ आली.

“वाचा बाबा.”

बाबा ह्या वेळेला त्याच्या पाठीमागं बसले हुते, मोबाईल हातात घेऊन.

“नऊ.”

“नऊ.”

“चार.”

“चार.”

“बी.”

“बी हाय बाबा.”

एकबी अक्षर चुकलं न्हाई. निम्म्यात आल्यावर शिदूचा आवाज बारीक झाला. शेवटाला बाबा म्हणले एफ, आन् शिदूनंबी एफ म्हणलं. त्यानं वळून बाबांच्या पायावर डोकं ठेवलं. त्याला लय बोलायचं हुतं. जन्मात मला कुणी हसल्याबिगर शिकवलं न्हाई, तुमी शिकवलं, असं काहीतरी. तुमी आज आडवलं नसतं तर त्या पोरींना तोंड दावता आलं नसतं, असंबी. त्यातलं निम्मं बाहेर आलं, निम्मं नाकातनं गळालं.

बाबांनी खडीसाखरेच्या डब्याला हात लावला न्हाई.

“काय राहिलं बाबा?”

बाबा बसल्या जागंवरनं हलले न्हाईत.

शिदू तसाच बसला. सकाळी बाबा समोर बसले हुते, भिंतीला टेकून. तिथनं पडदा दिसत न्हाई. आत्ता पाठीमागं बसले. पाठीमागनं तर सगळं दिसतंय.

मग बाबांनी वाचलं ते मोबाईलमधलं, का पडद्यावरचं?

असलं मागायचं म्हंजे जीभ झडायची. पण पोरींचं मशीन डोळ्यांम्होरनं हलंना.

“बाबा... मोबाईल बघू तुमचा.”

खालाच्या हातातली पळी तिथंच थांबली. ह्या खोलीत बाबांकडं असं कुणी आजवर मागितलं न्हवतं.

बाबांनी मोबाईल दिला.

पडदा काळा. शिदूनं बटण दाबलं. काळाच. दाबून धरलं. सकाळी चालू हुता, बॅटरी मधीच कवातरी मेलेली.

रगत सरसर वर चढलं. चढलं... आन् ह्या टायमाला आपलं आपण खाली उतरलं.

“तुमी माझ्याच पडद्यावरचं मलाच वाचून दावलं.”

“हां.”

“म्हंजे खोटं.”

“हां,” बाबा म्हणले. आन् उरसालाबी कधी दिसत न्हाईत असे खूश दिसले.

शिदू मशीनीकडं वळला. ती साईट त्यानं स्वतः उघडली. एक बोट खऱ्या अंगठ्याच्या ओळीवर, एक बोट आपल्या ओळीवर. ओठ हलत हुते, आवाज न्हवता. नऊ. चार. बी. खालानं मधी चहा ठेवला, तो गार झाला. शेवटच्या एफवर दोन्ही बोटं आली आन् तिथंच टेकून राहिली.

जुळला हुता.

शिदूनं परत पाय धरले. ह्या टायमाला बोलला एवढंच, “बाबा, खोटं वाचल्याबद्दल लय उपकार झाले.”

खाला पदरात हसली. बाबांनी डबा उघडला, खडीसाखरेचा एक खडा त्याच्या तळहातावर ठेवला आन् मूठ मिटवली.

शिदूनं पेनड्राईव्हमधी फाईल घेतली. दिवा लुकलुकायचा थांबला तरी आणखी थोडा थांबला. मग हळूच काढून खिशात घातला आन् खुशीत म्हणला, “सोमवारी पोरींना सांगतो, खुद्द बाबांच्या खोलीत तपासलंय. आता कुणी काय बघायची गरज न्हाई.”

बाबा पायरीपतूर आले.

“इंग्रजी येतं का रं त्यांना?”

“येतं की. माझ्यावाणी न्हाई बाबा, झेडपतूर येतं.”

बाबांनी मान हलवली...

“मग साईटवरचा अंगठा वाचायला त्यांना बसव. तू पडद्याकडं बघ.”