येसूचं रेशमी अस्तर

एका नगरीत होता एक राजा. राजा कसला, नुसती तिखट मिरची! का, ठाऊक आहे? त्याचा अंगरखा होता जरीचा. बाहेरून झगमग, आतून टोचटोच. राजाने दिवसभर जरच घालायची, अशी त्या घराण्याची रीत. मग काय, राजा सदा खाजवायचा आणि दिसेल त्याच्यावर खेकसायचा. एके दिवशी त्याने ते कापड विणणाऱ्या म्हाळू कोष्ट्यालाच तळघरात टाकलं.

म्हाळूची बायको येसू. ती धावत दरबारात गेली. राजा म्हणाला, "अंगरख्याला रेशमी अस्तर विणून आण. टोचणं थांबलं तर नवरा सोडीन."

अस्तर म्हणजे कपड्याच्या आतलं कापड, बरं का. ते कुणाला दिसत नाही, पण अंगाला तेच लागतं.

येसू मागावर बसली. पण बाई चिडलेली! हाताने रेशमाचा धोटा इकडून तिकडे फेकायची, तोंडाने राजाला शिव्या घालायची. आणि रेशमाला विणणाऱ्याचं मन कळतं हो! ते अस्तर लावलं मात्र, राजा खाजकुयली लागल्यागत नाचायला लागला.

मग तिने दुसरं विणलं, रडत रडत. ते इतकं गार निघालं, की राजा भर दरबारात शिंकत सुटला.

"आता शेवटचं!" तो ओरडला. "नाहीतर म्हाळू जन्मभर तिथंच!"

येसू घरी आली. मागाकडे बघत बसली. तिला वाटलं, तळघरात केवढा गारठा असेल! माझ्या माणसाच्या अंगावर काय असेल? मग तिने राजाला ठेवलं बाजूला आणि म्हाळूसाठी विणायला घेतलं. त्याच्या रुंद खांद्यांचं माप धरलं. सात दिवस विणलं.

तेच अस्तर घेऊन ती दरबारात गेली. राजाने ते लावलं. आणि काय सांगू, खाज गेली! कपाळावरची आठी गेली. राजा चक्क हळू बोलला, "येसूबाई, फार मऊ आहे. पण खांद्यावर जास्तीचं का आलंय?"

येसू घाबरली, पण खोटं बोलली नाही. "महाराज, माप माझ्या धन्याचं आहे. तुमच्यासाठी मऊ विणायला मला जमेचना."

राजा उठला. अस्तर उसवून घेतलं, स्वतः तळघरात उतरला आणि कुडकुडणाऱ्या म्हाळूच्या अंगावर पांघरलं.

"येसू आली वाटतं," म्हाळू डोळे न उघडताच म्हणाला.

राजाला फार वाईट वाटलं. त्याने जरीचा अंगरखा काढला आणि साधी सुती बंडी घातली. रीत मोडली, पण कुणाचं काही बिघडलं नाही. म्हाळू आणि येसू घरी गेली, गरम भाकरी खाऊन गाढ झोपली. चला, तुम्हीही आता कूस बदला आणि मिटा डोळे.