टिटवीने मागून आणलेलं माणिक

एका जंगलातून नदी वाहत असे आणि तिच्या काठच्या दगडगोट्यांत एक टिटवी राहत असे. तिचं घरटं म्हणजे काय, तर वाळूत पायांनी उकरलेला खळगा. त्यात तिची चार अंडी होती, मातकट, काळ्या ठिपक्यांची. दोन पावलांवरून पाहिलं तरी अंडं कुठलं आणि गोटा कुठला ते कळायचं नाही. काठावरच्या उंबराच्या ढोलीत एक साळुंकी राहत असे. नदीचं पाणी आटलं तेव्हा तिला गाळात एक लाल खडा सापडला. म्हाताऱ्या कासवाने तो निरखून सांगितलं, की हे माणिक आहे, नवरत्नांतलं सूर्याचं रत्न, कुण्या राणीच्या हारातून निखळलं असणार, आणि ते ज्याच्या घरी त्याची भरभराट. झालं! खारी आल्या, पोपट आले, होले आले. जो तो ढोलीत डोकावायचा आणि साळुंकीच्या नशिबाचं कौतुक करत परतायचा.

इकडे टिटवीच्या पोटात दुखायला लागलं. मुलांनो, खोटं कशाला सांगू, मत्सराने तिला किडासुद्धा गोड लागेना. उंबराकडे जाणारे सगळे तिच्या खळग्यावरूनच जात, पण तुझी अंडी बरी आहेत ना, असं एकानेही विचारलं नाही. टिटवा तिची समजूत घालायचा, की आपल्याकडे कुणी बघत नाही यातच आपलं भलं आहे. तिला ते मुळीच पटेना. शेवटी ती उंबराखाली गेली आणि रडवेलं तोंड करून म्हणाली, की पिल्लं बाहेर येईपर्यंत चार दिवस माणिक दे, त्यांचंही भलं होऊ दे. साळुंकी मनाने मोठी. तिने माणिक खाली टाकलं आणि बजावलं, "ने बाई, पण झाकून ठेव. मी ते अंधारात ठेवते ते उगीच नाही."

टिटवीने मान डोलावली खरी, पण झाकायचंच असतं तर एवढी रडली कशाला असती? तिने माणिक अंड्यांच्या बरोबर मधोमध ठेवलं आणि कोण कोण बघायला येतं याची वाट पाहत ती ऐटीत बाजूला उभी राहिली. दुपारच्या उन्हात माणिक निखाऱ्यासारखं पेटलं. बघायला आला कावळा. तो रोज याच काठावर हिंडायचा, पण त्याला इथे कधी काही दिसलं नव्हतं. पहिला पाहुणा म्हणून टिटवीने त्याला हसून वाट करून दिली. त्याने माणकाला चोच मारली, ती टणक लागली. मग शेजारच्या गोट्याला मारली, तो फुटला. टिटवा-टिटवी आकांत करत त्याच्या अंगावर धावून गेली, तोवर तीन अंडी गेली होती. चौथं झटापटीत घरंगळून गोट्यांत जाऊन पडलं. कावळ्याने पुष्कळ शोधलं, पण त्याला ते सापडलं नाही.

टिटवीने माणिक परत केलं, तेव्हा तिला साळुंकीकडे वर बघवेना. दुसऱ्या दिवशी एक होला आला आणि माणिक कुठे आहे म्हणून विचारू लागला. टिटवी त्या एकुलत्या अंड्यापासून मुद्दाम लांब धावत गेली आणि तिथून ओरडली, "इथे बघण्यासारखं काही नाही."

तात्पर्य : दुसऱ्याच्या चमकण्याचा हेवा करणाऱ्याला, आपण कशामुळे सुखरूप आहोत, तेच दिसेनासं होतं.