आक्काच्या माजघराची परतफेड

सन १९८३. फाल्गुन महिना, धुळवडीचा दुसरा दिवस. ऊन तापायला लागले होते. कोनवडी गावात तेव्हा येसबा नावाचा एक भोळा फिटर होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गावाचा शब्द वेगळा होता.

येसबा दाजीबा मेस्त्रीच्या वर्कशॉपात कामाला होता. मेस्त्रीने वीस वर्षे नांगराचे फाळ ठोकले. त्याला आता फाळांचा कंटाळा आला होता. अशात शहरातल्या एका कंपनीचे परांडेकर साहेब आले. बरोबर धूळ ओढायचे यंत्र होते. पोट, नळी, मागे कापडी पिशवी. बाकी सगळे होते. तोंड नव्हते.

साहेब म्हणाले, "परदेशी तोंड आपल्याकडे चालत नाही. आपल्या घरात एक जमीन अशी, एक तशी. सगळीकडे चालेल असं तोंड बनवा. पाडव्याला बघायला येतो. पसंत पडलं तर काम तुमचं."

मेस्त्रीने चावडीपुढे मिशीवर हात ठेवला. मिशी दोरखंडासारखी होती. तो म्हणाला, "पाडव्याला माझं यंत्र सगळ्या जमिनी झाडंल. न्हाईतर जन्मभर हातात केरसुणी धरीन."

गाव हसले. गावाला काय, हसायला पैसे पडत नाहीत.

शेजारी मेस्त्रीची थोरली बहीण राहत होती. तिला सगळे आक्का म्हणत. तिच्या घरात तीन जमिनी होत्या. ओसरीला शहाबादी फरशी. सोप्यात सतरंजी. आत माजघर, शेणाने सारवलेले. असे घर सोडून परीक्षा दुसरीकडे कशाला घ्यायची?

मेस्त्रीने पत्र्याचे एक तोंड ठोकले आणि येसबाला सांगितले, "जा. माजघर झाडून बघ. काय सुद्धा ठेवू नको."

येसबाने काय सुद्धा ठेवले नाही. पत्र्याच्या धारेने सारवण खरवडत गेले, यंत्र ओढत गेले. तासाभरात माजघराची जमीन पिशवीत होती.

आक्का शेतातून आली. तिने आत पाहिले.

"अगं बाई! माझी जमीन कुठं गेली?"

"हितं हाय," येसबा म्हणाला आणि पिशवी थोपटली.

आक्काने भावाला बोलावले. "दाजीबा, माझे गुडघे सरलेत. माझ्यानं आता सारवण हुणार न्हाई. पाडव्याला माझी जमीन मला परत पायजे. तवर तुझ्या सायबाचा पाय माजघरात पडू द्यायची न्हाई."

"देतो," मेस्त्री म्हणाला. मग येसबाकडे वळला. "ऐकलंस? हिची जमीन तुझ्या अंगावर. जेवढी घेतलीस तेवढी पाडव्याला परत करायची. आणि गाढवा, जमीन बघून तोंड बदलावं माणसानं!"

"आता कळलं," येसबा म्हणाला.

कळले नव्हते.

मेस्त्री मात्र कामाचा माणूस होता. त्याने दोन दिवसांत दुसरे तोंड केले. कडेला रबराची पट्टी. फरशीला ओरखडा नाही, आणि फटीतली माती बाहेर. ते त्याने येसबाच्या हातात दिले आणि ओसरीवर पाठवले.

येसबा फरशीवर उभा राहिला. त्याने जमीन बघितली. मग तोंड बदलले. गाल फुगवले, डोळे मिटले, खालचा ओठ बाहेर काढला. रबरी तोंड त्याच्या खिशातच होते. यंत्राला पत्र्याचेच होते. फरशीवर चार बोटे रुंद ओरखडा उठला, उंबऱ्यापासून तुळशीपर्यंत.

आक्का ओरडली, "दाजीबा, ह्याला फीट आली बघ!"

मेस्त्री धावत आला. "तोंडाला काय झालं तुझ्या?"

"बदललंय. जमीन बघून."

मेस्त्रीने कपाळ बडवून घेतले. "तुझं न्हवं, यंत्राचं! माझ्या दुकानात तोंड म्हटलं की यंत्राचं. पाठ कर."

"तोंड म्हटलं की यंत्राचं," येसबाने दहा वेळा म्हटले. "आता कळलं."

राहिली सतरंजी. रबराला ती दाद देईना. धूळ धाग्यांत बसलेली. मेस्त्री हनुवटी खाजवत म्हणाला, "हिच्यासाठी तोंडाला केस पायजेत. राठ. ताठ. चांगलं बोटभर लांब. कुठं मिळतील बघ." एवढे बोलून तो जेवला आणि खाटेवर आडवा झाला.

येसबा केस शोधत गावभर फिरला. म्हशीच्या शेपटीचे पाहिले. लांब होते, पण ताठ नव्हते. शेळीचे पाहिले. मऊ होते. दमून परत आला, तर मेस्त्री घोरत होता. घोरण्याबरोबर मिशी वरखाली होत होती. राठ. ताठ. चांगली बोटभर लांब.

येसबाने कात्री आणली. अर्धी मिशी पुरली. माणसाने लागेल तेवढेच घ्यावे, असे त्याला वाटले.

मेस्त्री उठला, तेव्हा आक्का दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"का हसतीस?"

"न्हाई. उजव्या अंगानं बरा दिसतोस."

तोवर येसबाने सरसाने केस चिकटवून सतरंजी झाडायला घेतली होती. खोटे कशाला बोला, सतरंजी चांगली निघाली. पण सरस ओला होता. केस सुटले, आत गेले आणि नळीत बसले. यंत्र गुरगुरले आणि ओढायचे थांबले.

मेस्त्रीने आधी येसबाला मारायचे ठरवले. मग यंत्र वाचवायचे ठरवले. त्याने मागची पिशवी सोडली आणि नळी मागच्या भोकाला लावली. तिथून वारा बाहेर येतो. बटण दाबले. नळीच्या तोंडातून मिशी फुर्रकन उडाली आणि अंगणात पडली.

"बघून ठेव," मेस्त्री म्हणाला. "ह्यानं घेतलेलं हेच परत देतं. नळी मागं लावायची, बस."

"आता कळलं," येसबा म्हणाला.

हे मात्र त्याला कळले. तीच पंचाईत झाली.

मेस्त्रीने राहिलेली अर्धी मिशी स्वतः उतरवली. काथ्याचा कुंचा कापून सतरंजीसाठी तिसरे तोंड केले. माजघरासाठी चौथे केले. त्याला दोन बारकी चाके, म्हणजे ते जमिनीला न टेकता बोटभर वरून चालेल. रात्र रात्र बसून काम केले. पत्र्याचे सोडले तर बाकीची तोंडे चोख होती, हे मान्य केले पाहिजे. चावडीवर लोक विचारत, "काय मेस्त्री, तोंड झालं का?" तो उपरणे तोंडावर ओढून पुढे जाई. मिशीशिवाय उत्तर देणे त्याला जड जात होते.

या गडबडीत येसबाने एक काम केले. यंत्राला दुसरी पिशवी लावली, आणि पहिली सुतळीने बांधून उशाला घेतली. आई म्हणाली, "ती घाण बाहेर टाक." तो म्हणाला, "आक्काची हाय." आईने दिवा मालवला. आई त्याला ओळखून होती.

पाडवा उजाडला. दारोदार गुढ्या उभ्या राहिल्या. परांडेकर साहेब पांढऱ्या शुभ्र कपड्यांत आले. मेस्त्री त्यांना ओसरीवर घेऊन गेला आणि जाता जाता येसबाच्या कानात म्हणाला, "वाटीत श्रीखंड हाय. आधी तोंड गोड कर. मग काम."

तोंड म्हटले की यंत्राचे. येसबाला पाठ होते. त्याने वाटीभर श्रीखंड नळीच्या तोंडात भरले आणि बोटाने आत सारले. वर वेलदोडा दिसत होता.

"चालू करा," साहेब म्हणाले.

मेस्त्रीने साहेबांकडे बघत रबरी तोंड चढवले, बटण दाबले. यंत्र कण्हले. एक कण उचलेना. त्याने काथ्याचे चढवले. नाही. मेस्त्रीच्या कपाळावर घाम आला.

साहेब भले होते. ते म्हणाले, "असू द्या, होतं असं. तोवर ती सारवलेली जमीन दाखवा. खरी परीक्षा तिथंच."

आक्का माजघराच्या दारात आडवी आली. "आधी माझी जमीन."

मेस्त्रीने आत डोकावले. जमीन तशीच खरवडलेली. "येसबा! तुला सांगितलं हुतं! आक्काची जमीन दिली न्हाईस?"

"देतो की," येसबा म्हणाला. "पाडवा आजच हाय."

त्याने काथ्याचे तोंड उतरवले आणि यंत्र उचलून माजघरात नेले. सुतळी सोडली आणि पहिली पिशवी मधोमध ओतली. गुडघ्याएवढा ढीग झाला. साहेब, मेस्त्री आणि आक्का बघायला दारात दाटले. येसबाने यंत्राची दुसरी पिशवी काढली आणि नळी मागच्या भोकाला लावली.

मेस्त्री ओरडला, "थांब!"

येसबाने बटण दाबले.

आधी श्रीखंड आले. ते साहेबांना लागले. मग वारा मोकळा झाला आणि ढीग उठला. तीन पिढ्यांचे सारवण भिंतींवर गेले, तुळयांवर गेले, देव्हाऱ्यात गेले, आक्काच्या अंबाड्यात गेले. साहेबांवर ते छान चिकटले. श्रीखंड आधी लावलेलेच होते.

बऱ्याच वेळाने माणसे दिसू लागली.

"आता कळलं," साहेब म्हणाले. त्यांनी यंत्र उचलले आणि एस.टी.च्या रस्त्याला लागले. चारही तोंडे इथेच राहिली.

मेस्त्रीने कोपऱ्यातली केरसुणी हातात घेतली.

येसबाने पिशवी उलटी केली. शिवणीत एक खडा अडकला होता. तो त्याने नखाने काढला आणि जमिनीवर ठेवला. आक्काची जमीन फिटली.