बंद शटरचं उघडं दुकान

मंडळी, आमच्या चष्म्याच्या दुकानातल्या लिनक्स सर्व्हरची डिस्क करकरू लागली. साऱ्या तालुक्याच्या डोळ्यांचे नंबर तिच्यात, आणि बॅकअप घेणारा शेजारचा कॉम्प्युटर तिथवर पोचेना.

दुरुस्तीला आलेले कॉम्प्युटरवाले चिटणवीससाहेब सर्व्हरसमोरच बसून गुरगुरले, "बॅकअपची सर्व्हिस चालू आहे, शेठ! इथून हाक मारली की ओ देते. तुमचं वायरिंगच भंगार, सगळं उपसा."

तोवर डिस्क कुठली जगतेय! साहेबांना चहाला बाहेर धाडलं आणि आतून शटर ओढलं.

"या साहेब, दुकान उघडंय!"

"अहो, शटर बंद आहे!"

"छे! मीच मागतोय, मीच देतोय. धंदा जोरात!"

बाहेरून नरम आवाज आला, "उघडा, शेठ. सर्व्हिस फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतेय. सेटिंग बदलतो."

बॅकअप पुरा झाला आणि संध्याकाळी डिस्कनं मान टाकली.